नोव्हेंबरचं गवत: कोल्हापुरात चार दिवस

पहिला दिवस

“आता येऊन काय बघणार ओ बाई? सप्टेंबरात यायचं हुतं. पठारावर नुसती फुलं असत्यात. आता सगळं वाळलेलं गवत हाय.”

स्टँडवरून विद्यापीठाकडे नेणाऱ्या रिक्षावाल्या मामांनी माझ्या चार दिवसांच्या बेताचा निकाल सायबर चौक यायच्या आत लावून टाकला. मी म्हटलं, गवतच बघायला आलेय. त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढे रंकाळा, अंबाबाई आणि मिसळ एवढ्यावरच बोलणं ठेवलं.

बेत भाचीचा. ती शिवाजी विद्यापीठात फिजिक्समध्ये पीएच.डी. करते, पातळ फिल्म म्हणजे काचेवर पदार्थाचे अगदी पातळ थर बनवते. तिची रूममेट वनस्पतिशास्त्रात, गवतांवर काम करते. एकाच खोलीत एकीच्या टेबलावर काचेच्या स्लाइडी, दुसरीच्या पलंगाखाली वर्तमानपत्रांत दाबलेलं गवत. “मावशी, दिवाळीनंतर ये. गर्दी नसते, मशीनवर लगेच नंबर लागतो,” असा निरोप आला आणि मी निघाले. पुण्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून मला २६ वर्षं झाली. सेमीकंडक्टरचा धडा झोपेतही शिकवेन, पण फिल्म कशी होते ते आपल्या हातांनी कधी केलं नव्हतं.

१९६२ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा आहे. गेटमधून विभागापर्यंत चालत जाताना दोन ठिकाणी मोरांनी रस्ता अडवला. पाहुण्यांनी मोरांना थांबून बघायचं असतं आणि तिथल्या पोरांनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचं नसतं, हे पाच मिनिटांत कळलं.

लॅबमध्ये भाचीचं काम बघून आधी वाटलं, हे तर कपडे विसळणं आहे. एका बीकरमध्ये झिंक सल्फेट आणि अमोनियाचं द्रावण, दुसऱ्यात ९० अंशांच्या आसपास तापवलेलं पाणी. काचेची स्लाइड पहिल्यात बुडवायची, काही सेकंद धरायची, मग गरम पाण्यात. परत पहिल्यात. दर फेरीला काचेवर झिंक ऑक्साइडचा अगदी थोडा थर चढतो. “सिलार” म्हणतात या पद्धतीला. ना व्हॅक्यूम पंप, ना महागडं यंत्र. परदेशातून मशीन येईपर्यंत थांबायची चैन ज्यांना परवडत नाही त्यांना ही पद्धत आवडणारच, आणि कोल्हापूरच्या या विभागाने अशाच स्वस्त रासायनिक पद्धतींवर नाव कमावलं आहे. मी हौसेने ४० फेऱ्या मारल्या. मनगट भरून आलं. “अजून ६० आहेत,” भाची म्हणाली आणि स्लाइड माझ्या हातातून काढून घेतली. १०० फेऱ्यांनंतर काचेवर जे दिसतं ते म्हणजे हिवाळ्यात चष्म्यावर धरावी तशी पांढुरकी वाफ. केसाची जाडी ८०,००० नॅनोमीटरच्या घरात धरली तर ही फिल्म काहीशे नॅनोमीटरची.

आधी केलेल्या एका फिल्मला दोन तारा जोडून तिने मल्टिमीटर लावला. “फुंकर मार.” मी मारली. मेगाओहममधला आकडा धाडकन खाली आला, मग सावकाश वर चढत गेला. श्वासातली वाफ फिल्मच्या कणाकणावर बसते, तिच्यातून विद्युतभार सरकायला वाट होते आणि रोध उतरतो. दमटपणा मोजायचा सेन्सर तो हाच.

“परत मार. पण जरा लांबून. मिसळीवर कच्चा कांदा घेतलायस तू, झिंक ऑक्साइडला बाकीचे वायूपण कळतात.”

संध्याकाळी रूममेट मला वनस्पतिशास्त्राच्या बागेत घेऊन गेली. डॉ. श्रीरंग यादव यांनी आयुष्य घालून जमवलेल्या सेरोपेजिया इथे वाढवल्या आहेत. कंदिलासारख्या फुलात माशीला आत ओढून परागकण चिकटेपर्यंत कोंडून ठेवणारे हे वेल. मी गेले तेव्हा वेल केव्हाच वाळून जमिनीखालच्या कंदांत जाऊन बसले होते. नावाच्या पाट्या तेवढ्या बघितल्या. रिक्षावाले मामा आठवले.

दुसरा दिवस

पहाटे पाचला दोन स्कूटरवरून तिघी निघालो. पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हा नदीवर धुकं आणि दोन्ही बाजूंना ऊस. पन्हाळ्याचा घाट चढेपर्यंत माझी बोटं हँडल न धरताही आखडली होती. पन्हाळ्याला न थांबता पुढे मसाई पठाराकडे गेलो. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ती वाट याच पठारावरून जाते. दर पावसाळ्यात शेकडो पोरं ती वाट चालतात, चिखलाने माखून परत येतात आणि पठाराचं वर्णन “नुसता चिखल” असं करतात.

नोव्हेंबरात तिथे चिखल नव्हता, फुलंही नव्हती. होतं ते तांबूस, पिवळं, कुठे राखाडी, कमरेपासून घोट्यापर्यंत वेगवेगळ्या उंचीचं गवत. सूर्य वर आला तशी सगळ्या पठारावर एक तांबडी लव उभी राहिली. इतकं सुंदर दृश्य मी फार कमी वेळा पाहिलं आहे, आणि ते बघायला आमच्याशिवाय चार म्हशी होत्या.

रूममेटने बॅगेतून प्लास्टिकच्या पाइपांची चौकट काढली, एक मीटर बाय एक मीटर. ती पाठीमागे न बघता फेकायची, पडेल तिथे बसायचं आणि आतलं सगळं मोजायचं. न बघता का? बघून टाकली तर माणूस नेमका चांगल्या जागी टाकतो. प्रॅक्टिकलला हवं ते उत्तर येईल तेवढीच रीडिंग लिहिणाऱ्या माझ्या मुलांना हे वाक्य ऐकवायला हवं. चौकटीत गुडघे टेकून ती एकेक काडी वेगळी करायला लागली. हे पवन्या, ही कुसळी, हे वाळून करडे मणी झालेत ते गेंद. “मावशी, तुम्ही सळई धरा.” लोखंडी सळई जमिनीत दाबायची आणि किती आत जाते ते वाचायचं. कुठे चार सेंटिमीटर, कुठे दोन, एका ठिकाणी टेकवली तशी खणकन वाजली. खाली सगळा जांभा. पावसाळ्यात इथे तळं साचतं, उन्हाळ्यात हाच दगड तव्यासारखा तापतो. एवढ्याशा मातीत झाड तगत नाही, गवत तगतं, कारण त्याचा वाढीचा कोंभ शेंड्याला नसून बुडाशी असतो. वरून म्हैस खाते, खालून ते परत येतं.

आणि असल्या जमिनीला आपल्या सरकारी भाषेत शब्द आहे पडीक. देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशे निघतात त्यांत गवताळ माळ आणि खुरटी झुडपं असलेल्या जमिनी मोजल्या जातात. मग कुणाला तरी तिथे खड्डे काढून झाडं लावायची इच्छा होते, फोटो निघतात, आणि दोन उन्हाळ्यांत रोपांच्या काड्या होतात. मी स्वतः एनएसएसच्या मुलांना घेऊन अशाच एका माळावर खड्डे खणून आले आहे. त्या दिवशी सळई हातात धरून बसले असताना ते आठवलं आणि जरा गप्पच झाले.

नऊच्या सुमाराला एक आजी विळा घेऊन आल्या. भारा बांधायला आल्या होत्या. आमची चौकट बघून थांबल्या.

“काय मापालायसा?”

“गवत मोजतोय आजी.”

“गवात मोजत्यात व्हय?” त्या हसल्या आणि शेजारी बसल्या. मी कुसळीबद्दल विचारलं. “कुसळ धरायच्या आत कापाय पायजे. एकदा कुसळ धरलं की जनावराच्या तोंडात रुततंय. मेंढरांच्या तर कातड्यात शिरतंय. कुसळ गळून पडलं की मग सोडायची जनावरं.” मग माझ्या सलवारीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तुमी निम्मं घेऊन चाललाईसा की.”

खरंच, गुडघ्यापासून खाली मी कुसळाने शिवले गेले होते. एकेक उपटत बसले. शाळेत असल्यापासून दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ ऐकत आले, पण कुसळ असं हातात धरून कधी बघितलं नव्हतं. बुडाशी सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले तांबूस केस, म्हणजे आत जाता येतं, मागे फिरता येत नाही. त्याच्या वर दाणा. दाण्यातून निघालेली काळपट लांब शेपटी खालच्या भागात दोरीसारखी पिळलेली, आणि मध्येच कोपरात वाकावा तसा वाकलेला हात. शेंड्यावरची सगळी कुसळं एकमेकांत गुंतून वेणी घातल्यासारखी दिसत होती.

फ्लास्कमधला चहा झाकणात ओतला होता. हातातलं कुसळ सहज त्याच्या वाफेवर धरलं गेलं. वाकलेला हात हलला. वारा असेल म्हणून मी ओंजळ केली. तो परत हलला आणि घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरायला लागला. मी चहा विसरले. कुसळ वाफेबाहेर काढलं की तो थांबायचा, जरा वेळाने उलटा फिरायचा.

“मेलेलं आहे ना हे?” मी विचारलं.

“पूर्ण,” रूममेट म्हणाली. “यात एक पेशी जिवंत नाही. दाणा तेवढा जिवंत.”

मग तिने सांगितलं ते असं. शेपटीतल्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे तंतू जिन्यासारखे तिरपे गुंडाळलेले असतात. पाणी शिरलं की तंतू लांबत नाहीत, त्यांच्यामधला मसाला फुगतो. त्यामुळे पीळ सुटतो. वाळलं की परत पीळ बसतो. रात्री दव पडतं, पीळ सुटतो. दुपारी ऊन होतं, पीळ बसतो. वाकलेला हात बाजूच्या काड्यांना अडतो, म्हणून तो फिरायच्या ऐवजी खालचा दाणाच फिरतो, आणि मागे वळलेले केस त्याला मागे येऊ देत नाहीत. रोजच्या दवावर आणि उन्हावर चालणारं गिरमिट. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७६ साली असल्या स्वतःला पुरून घेणाऱ्या बियांवर लिहिलं होतं. २००७ मध्ये जर्मनीतल्या पोट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी रानगव्हाची कुसळं तपासली. तिथे पीळ नाही, पण दोन कुसळं दिवसा फाकतात आणि रात्री मिटतात, बेडूक पाय मारतो तशी, आणि दाणा पुढे सरकतो. एका बाजूचे तंतू सरळ, दुसऱ्या बाजूचे विस्कटलेले, एवढ्याच फरकावर.

भाची इतका वेळ मोबाइलवर कुसळाचं शूटिंग करत होती. ती म्हणाली, “मी १०० वेळा बुडवून दमटपणा मोजते, आणि हे फुकटात मोजून वर कामपण करतंय.” तिच्या आवाजात कौतुकापेक्षा चीड जास्त होती. पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला असलेल्या पोरीला एवढी मुभा द्यायला हवी.

आजी भारा बांधत ऐकत होत्या. “पेटवलं तरी कुसळी मरत न्हाई,” त्या म्हणाल्या. “बाकीचं जळतंय, ही पयल्या पावसाला वर.” यात सगळा हिशोब आला. दाणा आधीच मातीत गेलेला असतो, जाळ वरून निघून जातो. माळ पेटवला की गवत चांगलं येतं, असं मानून उन्हाळ्यात वणवे लावले जातात. कुसळीला ते मानवतं, जनावरांना आवडणाऱ्या गवतांचं तसं नाही. हे आजींना माहीत होतं. मग पेटवतं कोण, विचारलं तर म्हणाल्या, “कोण सांगनार? काडी कुनाची वळखू येती व्हय?”

परतीला पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाल्ली. ज्वारीची भाकर, म्हणजे तीही गवतच.

तिसरा दिवस

दाजीपूरच्या अभयारण्यात जाऊन गवे आणि तिथले सडे, म्हणजे कातळाची पठारं, बघायची होती. सांगितलेल्या गाडीवाल्याने सकाळी सात वाजता फोन उचलला नाही, आठला बंद करून ठेवला. नाव लिहीत नाही. दहापर्यंत चडफडून झाल्यावर भाचीच्या मैत्रिणीच्या गावी, करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेलो.

वाटेवर रूममेटने सांगितलेलं डोक्यातून जात नव्हतं: ऊस, ज्वारी, मका आणि पठारावरची कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतांच्या कुळातल्या एकाच शाखेतली भावंडं. उन्हात कर्ब पकडायची सगळ्यांची रीत एक. ती रीत १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी उसाच्याच पानांवर उलगडून दाखवली. म्हणजे पंचगंगेच्या काठची काळी जमीन काय आणि वरचा जांभा काय, कोल्हापूर उभं आहे ते गवतावर. एक भावंड कारखान्यात गेलं आणि दुसरं पडीक ठरलं.

उसाच्या फडातून चालताना माझ्या दंडावर पानाने बारीक रेघ ओढली, लगेच रक्त आलं. पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात आणि त्यांत सिलिका, म्हणजे वाळू आणि काच ज्याची असते तेच द्रव्य, भरलेली असते. मुळांनी मातीतून पाण्याबरोबर ओढलेली, पानात नेऊन साठवलेली. काचेच्या तुकड्याने कापलं असं म्हटलं तर रासायनिकदृष्ट्या फारसं खोटं नाही. आज्जी चुलीतल्या राखेने भांडी का घासायची, ते मला इतक्या वर्षांनी उसाच्या पानाने शिकवलं.

गुऱ्हाळात काहिलीतला रस खळखळत होता. भेंडीच्या चिकाने मळी वर आणून काढून टाकली होती. चुलवाणात एक पोरगा चिपाडं सारत होता. गुळव्या उभा होता, त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता. पाणी उडून जातं तशी साखर दाट होते आणि उकळबिंदू चढत जातो; गूळ उतरवायची वेळ येते ती साधारण ११८ अंशांच्या आसपास. मी हे फळ्यावर शिकवते. त्याने पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी केली, काहिलीच्या कडेवर टाकली. टक असा आवाज आला. “झाला,” तो म्हणाला, आणि चौघांनी काहील उचलून वाफ्यात ओतली. दोन अंशही इकडेतिकडे झाले तर? “मऊ ऱ्हातोय. पावसाळ्यात पाणी सुटतंय त्याला.” परत दमटपणा.

गरम गूळ शेंगदाण्यांबरोबर द्रोणात मिळाला. त्यावर लिहायला लागले तर लेख भरकटेल. येताना चुलवाणातली राख एका डबीत भरून घेतली. ही डबी पुढे माझी फजिती करणार होती.

चौथा दिवस

रात्रभर भट्टीत ६०० अंशांवर कुसळी गवत जाळून ठेवलं होतं. ओंजळभर गवताची चिमूटभर पांढरी राख. भाचीने ती धुऊन त्यातलं पोटॅश काढलं, वाळवली आणि एक्सआरडीला लावली. क्ष-किरण सोडायचे आणि कुठल्या कोनात ते जोरात परततात ते बघायचं. अणू रांगेत, कवायतीला उभे असतील तर आलेखावर सुईसारखी टोकं येतात. गर्दीत उभे असतील तर टेकडी.

गवताच्या राखेची टेकडी आली, २२ अंशांच्या आसपास, रुंद आणि निवांत. सिलिका, पण रांगेत नसलेली, ओपलच्या खड्यात असते तशी. गवत त्या ओपलचे सूक्ष्म साचे आपल्या पेशींच्या आकाराचे बनवतं. गवत कुजून गेल्यावरही ते मातीत राहतात, आणि जुन्या मातीत ते सापडले की इथे पूर्वी कुठलं गवत होतं ते सांगता येतं. रूममेटच्या पुढच्या कामात पठारावरची मातीच आहे.

मग माझी डबी. गुऱ्हाळाच्या राखेच्या आलेखावर २६.६ अंशांवर भाल्यासारखं टोक उभं राहिलं. मी हरखले. म्हटलं, चुलवाणाच्या आचेत सिलिकाचे स्फटिक झाले! भाचीने डबी उजेडात धरून हलवली.

“मावशी, ही क्वार्ट्झ आहे. वाळू. तू राखेबरोबर जमीन खरवडून आणलीस.”

लॅबमधली दोन पोरं पलीकडे तोंड करून हसली. वर्गात “सॅम्पल घेताना काळजी घ्यावी” हे वाक्य मी हजार वेळा लिहून दिलं असेल.

निघायला दोन तास होते. भाचीने एका प्लास्टिकच्या झाकणाला मधोमध भोक पाडलं, त्यात कुसळ उभं चिकटवलं, वाकलेला हात वर मोकळा ठेवला आणि खाली कागदावर गोल आखला. स्प्रिंगच्या नियमामुळे आमच्या पुस्तकात असतो तो रॉबर्ट हूक. त्याने १६६५ मध्येच रानओटाच्या कुसळाचा असा काटा करून हवेतला दमटपणा दाखवला होता. लॅबमधल्या डिजिटल मीटरशी लावून बघितलं. ओला कापूस जवळ नेला की मीटर लगेच पळायचा, कुसळ जरा विचार करून मग निघायचं. पण निघायचं. एक कुसळ पाण्याच्या थेंबात उभं करून मी फेरे मोजले: पाच पूर्ण, सहावा होता होता स्टँडवर जायची वेळ झाली.

झाकण डब्यात घालून पुण्याला आणलं. आता ते स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी आहे. कुकरची पहिली शिट्टी होते तेव्हा काटा जागेवर असतो. तिसरीला तो खिडकीकडून फ्रिजकडे वळलेला असतो.